टाळीला ओ देणारं खळं

दत्ताराम मिस्त्री कुठल्याही मोकळ्या जागेत शिरले की आधी तिचा मध्य शोधायचे. तिथे पाय जुळवून उभे राहायचे, घसा साफ करायचे आणि एक सणसणीत टाळी वाजवायचे. मग मान तिरकी करून ऐकत राहायचे. बहारीनमध्ये आमच्या कंपनीने बांधलेला एकही चौक, एकही गच्ची या टाळीतून सुटली नाही. नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, मिस्त्री डास मारतायत.

मी तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या आसपास, त्या कंपनीत टाइमकीपर होतो. गाव चिपळूण. मिस्त्री कुडाळकडचे, गवंड्यांचे मुकादम. हिद्दच्या कॅम्पात आमच्या खाटा शेजारीशेजारी होत्या, त्यामुळे त्यांचं वेड इतरांपेक्षा माझ्या वाट्याला जास्त आलं.

वेडाचं मूळ एका इंग्रजी मासिकात होतं. एक गोरा इंजिनिअर नोकरी सोडून जाताना ते मिस्त्रींना देऊन गेला होता. त्यात मेक्सिकोतल्या, माया लोकांनी बांधलेल्या चिचेन इत्झा नावाच्या जुन्या शहराची चित्रं होती. मधे भलंमोठं पटांगण, त्यात पायऱ्यापायऱ्यांचा प्रचंड मनोरा, माथ्यावर देऊळ, कडेला खांबांच्या रांगाच रांगा. साहेब स्वतः तिथे जाऊन आला होता. त्या पायऱ्यांसमोर उभं राहून टाळी वाजवली की पाखराच्या आवाजात उत्तर येतं, असं त्याने सांगितलं. त्या दिवसापासून मिस्त्री जगातल्या सगळ्या भिंतींकडून उत्तराची अपेक्षा धरून होते.

मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं. जेवण झालं की मासिक माझ्या मांडीवर यायचं. "वाचा भाऊ. पटांगणाचां वाचा." मी मनोऱ्याबद्दल वाचायला लागलो की लगेच थांबवायचे. "देऊळ कोण पण बांधीत. मोकळी जागा बांधूक अक्कल लागता!" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. कोणी गावी दोन मजली घर बांधल्याच्या बढाया मारू लागला की मिस्त्री शांतपणे विचारायचे, "आणि मोकळी जागा खय आसा?"

मासिकात एके ठिकाणी लिहिलं होतं की ते पटांगण चुन्याचा गिलावा केलेलं असे. जुना थर खराब झाला की त्यावरच नवा घालायचे, असे पिढ्यानपिढ्या थर चढत गेले. हे ऐकलं आणि मिस्त्री ताडकन उठून बसले. "म्हंजे खळाच की ओ!"

तळकोकणात अंगणाला खळं म्हणतात. पावसात ते धुऊन जातं. मग दिवाळीच्या सुमाराला नवी माती घालायची, पाणी शिंपायचं, लाकडी चोपण्याने चोपून चोपून घट्ट करायचं आणि शेणाने सारवायचं. "राजे असले म्हणान काय झाला? खळा परत परत करूचाच लागता," मिस्त्री म्हणाले. तेव्हापासून ते त्या माया राजांबद्दल भावकीतल्या माणसांसारखं बोलू लागले.

एकदा रिफा गावात एका बड्या अरबाच्या बंगल्याचं काम होतं. मिस्त्रींनी चौकाच्या मध्यावर उभं राहून टाळी वाजवली. आतून नोकर चहाचा ट्रे घेऊन धावत आला. त्याला वाटलं, मालकांनीच बोलावलं. मी म्हटलं, "मिस्त्री, पाखरू नाही, चहा आला!" ते हसले नाहीत. "टाळी मारल्यार कोणतरी भायर येता, ह्यां लय मोठां आसा भाऊ," असं म्हणाले आणि कप घेऊन लांब जाऊन बसले.

कॅम्पात चार बराकींच्या मधे एक चौक होता, सगळा वाळूचा आणि सिगारेटच्या थोटकांचा. मिस्त्रींनी शटरिंगच्या फळीचं चोपणं केलं आणि दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो चौक भरावाची माती घालून चोपायला घेतला. पाणी वाहून जायला ढाळ कुठे द्यायचा यावरून स्वतःशीच भांडायचे. आमचा पठाण ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री का दिमाग खलास." हिवाळ्यात पाऊस आला, सगळ्या कॅम्पात तळी साचली आणि एकटा आमचा चौक कोरडा राहिला. मिस्त्रींनी ऐटीत मध्यावर जाऊन टाळी वाजवली. जेवण संपलं, हे सांगायला भटारखान्यातून केरळी आचारी ओरडला, "खाना मफी! खलास!"

असा हा माणूस रजेवर मात्र जात नव्हता. रजा आली की "फिनिशिंग होवंदे" म्हणून पुढे ढकलायची. त्या मनोऱ्याच्या चारी बाजूंच्या पायऱ्या आणि माथ्यावरची एक मिळून वर्षाचे दिवस होतात, हे मी वाचून दाखवलं, तेव्हा ते किती तरी वेळ चित्रातल्या पायऱ्यांवरून बोट फिरवत राहिले. "माजे असले चार मनोरे झाले," एवढंच म्हणाले. मला राग यायचा. आम्ही रजेसाठी जीव टाकत होतो, आणि हे गृहस्थ बायको-घर सोडून माया लोकांच्यात रमलेले!

पुढच्या दिवाळीला मला रजा मिळाली. मला वाटलं, मिस्त्री घरी द्यायला साबण, अत्तर, कापड असं काही देतील. त्यांनी काहीच दिलं नाही. निघताना माझी बॅग हातात धरून म्हणाले, "आमच्या घराकडे जावा. खळ्याच्या मदी उभे रव्हा, एक टाळी मारा. काय येता ता माका येवन सांगा." म्हटलं, आता हे वेड कुडाळपर्यंत पोचलं.

तरी गेलो. दुपारची वेळ होती. साधं कौलारू घर, आणि पुढे नुकतंच सारवलेलं खळं, इतकं सुबक की चप्पल काढूनच आत पाऊल टाकलं. मध्यावर उभा राहिलो आणि जरा लाजतच टाळी वाजवली.

टाळीचा आवाज विरला नसेल, तोच मागच्या दारी भांडं पडल्याचं ऐकू आलं. एक बाई ओल्या हातांनी धावत पुढे आली. "इलास?"

मला बघून ती जागच्या जागी थिजली. पदर सावरत म्हणाली, "माका वाटला, ते इले."

मी ओळख सांगितली. तिने पाणी दिलं, गूळ दिला. मग हळूहळू कळलं ते असं. मिस्त्रींनी तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. त्यांच्याकडे नवऱ्याने बायकोचं नाव घेण्याची रीत नव्हती. कामावरून आले की खळ्यात उभं राहून टाळी वाजवायची आणि हिने बाहेर यायचं. बहारीनला जाण्याच्या आदल्या दिवशी तिने केलेल्या खळ्याचा ढाळ चुकला म्हणून मिस्त्रींनी चारचौघांत तिला बोल लावला आणि सगळं उकरून पुन्हा केलं. तिची आठ दिवसांची मेहनत होती ती.

"जाताना त्येंनी दोनदा टाळी मारल्यानी," ती खाली बघत म्हणाली. "मी चुलीम्होरच बसान रवलंय. भायर येवक नाय."

तिची पत्रं शाळेतले गुरुजी लिहून द्यायचे. असलं काही गुरुजींच्या हातून कसं लिहवून घ्यायचं? मी खळ्याकडे पाहिलं. ढाळ अगदी मिस्त्री कॅम्पात द्यायचे तसाच होता. मला स्वतःचीच लाज वाटली.

परत आलो तेव्हा मिस्त्री चौकात उभेच होते. सलाम नाही, दुआ नाही. "आवाज इलो?"

"आला."

"किती येळान?"

"टाळी विरायच्या आत."

"काय इलो?"

"'इलास?' म्हणून आला, मिस्त्री. हात ओले होते."

मिस्त्री खाली बसले आणि त्या चोपलेल्या मातीवरून तळहात फिरवत राहिले. मीही शेजारी बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साइट सुरू व्हायच्या आधी ते माझ्या टेबलाशी आले. रजेचा फॉर्म भरायचा होता. फिनिशिंग अर्धंच झालं होतं. मी नाव लिहिलं, पासपोर्ट नंबर लिहिला आणि विचारलं, "कारण काय घालू?"

मिस्त्रींनी थोडा विचार केला.

"लिवा भाऊ, गावच्या कामात माजी चूक झालेली आसा. ती दुरुस्त करूक जातंय."