माप घेतल्याबिगर माउस नाही

रंगनाथअण्णांकडे कॉम्प्युटरचा माउस घ्यायला गेलेल्या माणसाला आधी स्वतःचा हात द्यावा लागे. अण्णा तो हात उलटासुलटा करून पाहत, तळव्याभोवती शिंप्याची टेप गुंडाळत, मग मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एकदा लावत आणि चष्मा कपाळावर ढकलून वहीत आकडे लिहीत. नवं गिऱ्हाईक दचकून हात मागे घेई. अण्णांना त्याचा राग येत नसे. टेप गळ्यात टाकून ते शांतपणे म्हणत, "माप घेतल्याबिगर देत नाही." आणि ज्याला फारच घाई असेल त्याला पलीकडच्या गल्लीतली चार दुकानं आपण होऊन सांगत.

ही नव्वदीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी निपाणीची. बंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि बनशंकरीत अण्णांच्या घरी वरची खोली भाड्याने मिळाली. अण्णांचे पूर्वज कधीकाळी मराठी फौजेच्या मागोमाग इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांच्या मराठीत कन्नड अशी काही मुरलेली होती की कुठलं कुठे सुरू होतं ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. "स्वल्प बस की गौरम्मा," ते मला म्हणायचे, आणि ते स्वल्प म्हणजे निदान दीड तास.

अण्णा मुळातले शिंपी. चिकपेटला त्यांचं चिंचोळं दुकान होतं, ब्लाउज आणि शर्ट शिवण्याचं. शेजारी नागराज नावाचा गृहस्थ कॉम्प्युटरच्या सुट्या वस्तू विकायचा. त्याचा माल वाढला, जागा पुरेना, म्हणून त्याने एक काचेचं कपाट अण्णांच्या दुकानात आणून ठेवलं. नागराज सदा बाहेर, तेव्हा त्याचं गिऱ्हाईक आलं की अण्णाच उठायचे. एके दिवशी कोणी कॉलेजकुमार आला आणि म्हणाला, गेम खेळायला माउस हवाय, पण तासाभराने मनगट दुखतं. अण्णांनी सवयीने गळ्यातली टेप काढली. तिथून हे सुरू झालं. पुढे दुकानाच्या डाव्या भिंतीला ब्लाउजपीस आणि उजव्या भिंतीला माउस, कीबोर्ड, जॉयस्टिक अशी मांडणी झाली. लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायका आणि गेम खेळणारी पोरं एकाच बाकावर बसून आपापल्या पाळीची वाट पाहत.

अण्णांनी स्वतः एकही गेम खेळला नव्हता. पण विमानाच्या गेमवाल्याला कोणती जॉयस्टिक द्यायची आणि गाड्यांच्या शर्यतीवाल्याला कोणती, यात त्यांची चूक झालेली कोणी पाहिली नाही. "हा खांद्यातून खेळतो, याला जड बुडाची लागेल," असं ते माणसाची चाल बघून सांगत. कीबोर्ड घेताना ते तो कानाशी धरून एकेक बटण दाबत. मग तीन बटणं एकदम दाबून पडद्यावर तिन्ही उमटतात का ते बघत. स्वस्तातल्या कीबोर्डावर दोन उमटतात आणि तिसरं गिळलं जातं. म्हणजे तुमचा शिपाई तिरका पळता पळता उडी मारायला गेला की उडी मारत नाही, आणि मरतो. हे ज्ञान अण्णांना कोणी दिलं नव्हतं. पोरांच्या तक्रारी ऐकून ऐकून त्यांनीच ते शोधलं होतं.

त्यांची वही मी एकदा चाळली. नाव, तळवा, बोटांची लांबी, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. 'घाम फार.' 'दाबतो जोरात, स्वभाव तापट.' 'बोटं बारीक, मन लागत नाही, परीक्षा असावी.' माउस दिला की चार दिवसांनी ट्रायलला बोलवत. ट्रायलमध्ये कुठे रुततं, कुठे घसरतं ते विचारून माउस उघडत आणि कानशीने घासून, आत शिशाची टिकली बसवून परत देत. ही टिकली म्हणजे दाराचा पडदा सरळ लोंबावा म्हणून दुमडीत घालतात तीच. माउसखालचं पॅडही ते स्वतः शिवत. कोटाचं सर्ज उत्तम, मखमल अजिबात नको, आणि मांजरपाटावर माउस चालत नाही, असं त्यांनी मला एकदा इतक्या गंभीरपणे सांगितलं की हसावं की मान डोलवावी ते मला कळेना.

आता माझं. आमच्या कंपनीत शनिवारी दुपारी काम संपलं की मजल्यामजल्यांमध्ये मॅच व्हायची. पडद्यावरच्या भुयारांतून बंदूक घेऊन पळायचं आणि समोरच्या संघाच्या पाच जणांना टिपायचं. आमच्या पाचांत एक जागा रिकामी होती म्हणून मला घेतलं होतं, आणि मी दर शनिवारी शेवटची यायची. आमचा कप्तान विनय माणूस चांगला, पण हरणं त्याला सोसत नसे. त्याने सरळ सांगितलं की महिनाअखेरच्या मोठ्या मॅचमध्येही मी शेवटची आले तर माझी जागा दुसऱ्याला जाईल. सबंध इमारतीत खेळणारी मी एकटीच मुलगी होते. मी उठले असते तर 'मुलींना हे जमत नाही' हे वाक्य त्या खुर्चीवर कायमचं बसलं असतं. ते मला मुळीच चालणार नव्हतं. मी तणतणत घरी आले आणि अण्णांना सगळं सांगितलं.

अण्णांनी माझ्या उजव्या हाताचं माप घेतलं आणि एक सुबक माउस काढून दिला. हात घसरू नये म्हणून त्याला जाड रेशमाचा अंगरखा शिवला, नीट अस्तर लावून. दोन बटणांसाठी हाताने दोन काजं केली. त्यांच्या पत्नी सरसक्का म्हणाल्या की इतकी बारीक काजं त्यांनी जावयाच्या शेरवानीलाही केली नव्हती. त्या शनिवारी ऐन धुमश्चक्रीत काजाची कड बटणात अडकली आणि माझी बंदूक थांबेचना. सगळ्या गोळ्या एका भिंतीत रिकाम्या करून मी निमूटपणे मेले. समोर खेळणारा तिसरा मजला अर्धा तास हसत होता.

अण्णांनी अंगरखा उसवला. मग म्हणाले, "चूक काजाची नाही, मापाची आहे. दुसरा हात दे."

डावा तळवा उजव्यापेक्षा दोन सूत जास्त भरला. अण्णांनी वहीत काहीच लिहिलं नाही. फळीवरचा कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि एकदम माझ्याकडे फेकला. मी तो डाव्या हाताने झेलला.

मी डावरी आहे हे बंगळूरमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं. लहानपणी आईने चमच्याने बोटांवर मारून मारून मला उजव्या हाताने जेवायला, लिहायला, प्रसाद घ्यायला लावलं होतं. ती दुष्ट नव्हती, चार लोकांत पोरीला कोणी बोलू नये एवढंच तिला हवं होतं. केर काढणं, केस विंचरणं, दगड मारणं मात्र मी अजूनही डाव्या हातानेच करायची, आणि कोणी पाहत नसेल तेव्हाच. माउस कुठल्या हाताने धरायचा हा प्रश्न तर मला कधी पडलाच नव्हता. तो सगळ्यांच्या टेबलावर उजवीकडे असे, म्हणून माझ्याही.

यानंतर जे झालं ते पाहायला तुम्ही चिकपेटला असायला हवं होतं. चांगले म्हणावेत ते सगळे माउस उजव्या हाताच्या वळणाचे. अंगठ्याची खोबण डाव्या बाजूला, पाठ उजवीकडे उतरती. अण्णांनी नागराजचं अख्खं गोदाम उपसलं. शेवटी तळाच्या खोक्यात दोन्ही बाजूंनी सारखा, जुना, पिवळट पडलेला एक माउस सापडला. नागराज तो भंगारात टाकणार होता. अण्णांनी तो खोलला, पोटातली रबरी गोळी धुतली, आतल्या चाकांवरची घाण पिनेने खरवडली आणि करंगळीच्या बाजूला टिकली बसवली. माउस डावीकडे गेला म्हणजे पळायची बटणं उजव्या हाताला हवीत, म्हणून बाणांच्या बटणांची तिकडी एकदम उमटणारा कीबोर्ड शोधायला त्यांनी दुकानातले सगळे कीबोर्ड कानाला लावले. मिळाला तो कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातला होता, पाट्यावरवंट्याच्या वजनाचा. पण एक बटण गिळत नव्हता.

मग दर रविवारी बाजार बंद असताना अण्णा अर्धं शटर वर करत आणि मी नागराजच्या कॉम्प्युटरवर सराव करी. पहिल्या रविवारी मी पडद्यावरच्या दारातसुद्धा अडकत होते. दुसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आलं की मी विचार न करता वळतेय. हात आपला आपण जात होता. मला हसू यायला लागलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. अण्णा बाजूला बसून माझ्या हाताकडे बघत राहिले. पडद्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

मोठ्या मॅचला अण्णा स्वतः आले. अंगात ठेवणीतला कोट, गळ्यात टेप, हातात कापडी पिशवी, पिशवीत तो जडशीळ कीबोर्ड. पहारेकऱ्याने पिशवी उघडायला लावली तेव्हा त्यांनी त्याच्या हाताकडे बघून "आठ इंच भरेल" असं सांगितलं. मी माउस डावीकडे मांडला तशी कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, आता हे काय नवीन. विनयने कपाळाला हात लावला.

आम्ही जिंकलो. दहा जणांत मी दुसरी आले. पहिला विनय, आणि तोही माझ्यापुढे फक्त दोनच बळींनी. तिसऱ्या मजल्याचे लोक येऊन माझा माउस उचलून पाहू लागले. विनयने अण्णांना विचारलं की असा माउस त्यालाही मिळेल का. अण्णा म्हणाले, "सोमवारी या. माप घेतल्याबिगर देत नाही." त्यांची मान इतकी ताठ मी कधी पाहिली नव्हती. माझी खुर्ची माझीच राहिली होती, आणि त्या क्षणी माझ्याइतकी फुशारलेली मुलगी बंगळूर शहरात दुसरी नसावी.

सगळे कॉफीला गेले. अण्णा मागे रेंगाळले. म्हणाले, "स्वल्प मी पण बसू का गं?"

ते माझ्या खुर्चीत बसले. मी माउस उजवीकडे ठेवायला उचलला, तर त्यांनी मान हलवली. डावा हात पुढे केला आणि माउसवर ठेवला. त्या हाताला सांगावं काहीच लागलं नाही.

"बाबा हा हात टेबलाच्या पायाला नाडीने बांधायचे," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "डाव्या हाताने कापलेलं लग्नाचं कापड कोण घेणार? उजव्या हाताने माझी कात्री कधी सरळ चाललीच नाही. मग थोरला भाऊ कापू लागला, आणि मला टेप दिली. माप काय, कुठल्याही हाताने घेता येतं."

इतकी वर्षं लोकांचे हात हातात घेऊन हा माणूस नेमकं काय बघत होता, ते मला त्या दिवशी कळलं. मी फक्त गेम सुरू करून दिला. अण्णांनी कोणालाच मारलं नाही. त्या भुयारांतून नुसते फिरले, या दारातून त्या दारात, जिने चढले, उतरले. लोक कॉफी पिऊन परत आले तरी मी त्यांना उठवलं नाही, आणि कोणी उठवू नये म्हणून खुर्चीला टेकून उभी राहिले.

परतीच्या बसला गर्दी होती. मी बायकांच्या बाकावर, अण्णा माझ्या मागे उभे. कंडक्टर आला तसे अण्णांनी तिकिटाचे पैसे डाव्या हाताने पुढे केले. कपाळावर भस्म लावलेला वयस्कर कंडक्टर होता. त्याला ते रुचलं नाही. उजव्या हाताने द्यायची रीत असते, असं त्याने कन्नडमध्ये सगळ्या बसला ऐकू जाईल असं सुनावलं. लोक वळून बघू लागले. अण्णा कोणाला उलट बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता ते हात बदलतील.

"इदे नन्न कै," अण्णा म्हणाले. हाच माझा हात.

कंडक्टरने एकदा त्यांच्या तोंडाकडे, एकदा हाताकडे पाहिलं आणि तिकिटं फाडून दिली. अण्णांनी ती डाव्या हातानेच घेतली.