डाग जायला हवा होता

परळच्या गिरणीतील ब्लीच खात्यात दगडूंनी अठ्ठावीस वर्षे काढली, आणि त्या अवधीत डाग असलेला एकही तागा आपल्या हातून बाहेर गेला नाही, हे त्यांनी घोडपदेवच्या चाळीतील प्रत्येकाला किमान दोनदा ऐकवले होते. पुढे गिरणी पडली, काचेची इमारत उठली. आणि नेमक्या ब्लीच खात्याच्या जागी जी प्रयोगशाळा आली, तिच्यात त्यांची नात अपेक्षा संशोधन करू लागली. दगडूंच्या लेखी खाते तेच होते, पाळी तेवढी नातीची.

एका रविवारी तिने त्यांना दाखवायला म्हणून एक पांढरी पट्टी प्लास्टिकच्या पिशवीतून घरी आणली.

"पेशींतलं एक जनुक आम्ही गप्प करतो, आजोबा. ते गप्प झालं, की त्याचं प्रथिन बनत नाही आणि पट्टीवरचा त्या प्रथिनाचा डाग जातो."

"कायमचं गप्प?"

"चार-पाच दिवस. मग पुन्हा बोलायला लागतं."

ओट्यापाशी मालनबाईंनी नवऱ्याकडे बघत मान वर केली. "ह्यां औषध माणसाक चलात काय गो?"

पट्टीवर शेजारी शेजारी दोन तपकिरी डाग होते. एक गडद, एक फिकट. फिकटाकडे पाहून अपेक्षाने सुस्कारा सोडला. "हा पुरता जायला हवा होता. वर्षभर राबले, आणि उद्या मॅडमना हे दाखवू?" एवढे बोलून ती खाली वाण्याकडे गेली.

दगडूंना एवढेच उमगले, की आपल्या खात्यात डाग राहिला आहे. त्यांनी मोरीतली ब्लीचिंग पावडर काढली आणि जुन्या बेताने पाणी कालवले. त्या उग्र वासासरशी गिरणीचा भोंगा, ओल्या ताग्यांचे ढीग आणि 'दगडूचा हात लागला की कापूस लाजतो' म्हणणारे मुकादम, सारे मोरीत दाटीवाटीने येऊन उभे राहिले. पट्टी शुभ्र झाली.

अपेक्षा परतली. "आजोबा, दोन्ही?"

"मग? एक काढायचा, एक ठेवायचा, ही बदली कामगाराची कामं."

"तो गडद डाग गप्प न केलेल्या पेशींचा होता. तो होता म्हणून दुसरा फिकटला हे दिसत होतं." तिने शुभ्र पट्टी उजेडाला धरली. "आता ही पट्टी पुन्हा पहिल्यापासून."

दगडूंनी तोंड उघडले. आत शब्द नव्हता.

सोमवार गेला, मंगळवार गेला, दगडूंनी गिरणीचे नाव काढले नाही. त्या शांततेत मालनबाईंची वर्षभर रखडलेली गोधडी पुरी होत आली. शुक्रवारी नवी पट्टी आली: एका बाजूस ठसठशीत डाग, दुसरीकडे जेमतेम सावली. मॅडमनी शाबासकी दिली होती. दगडूंनी हात पाठीशी बांधून पट्टी बराच वेळ न्याहाळली आणि घसा खाकरला.

"चांगली आहे. पण आमच्या खात्यातून ही बाहेर गेली नसती. त्याचं असं आहे…"

मालनबाईंनी सुई गोधडीत टोचून ठेवली.

"औषधाचो गुण संपलो गो," त्या म्हणाल्या.