साठ गाड्या आणि सहा रकाने

सेलूच्या शाळेत नव्याने आलेले गणिताचे मास्तर भीमाशंकर सलग आठ दिवस अण्णारावांच्या कापसाच्या आडतीसमोर वही उघडून बसले, तेव्हा बाजाराने त्यांना सरकारी खात्याचा माणूस ठरवून टाकलं. निजामाच्या राज्यात वही घेऊन गप्प बसणाऱ्याला चहा पाजलेला बरा, असा समज होता. त्यामुळे मास्तरांना त्या आठ दिवसांत चहा भरपूर मिळाला.

खरा प्रकार साधा होता. मास्तरांना अण्णारावांच्या मुलीशी, नीलम्माशी लग्न करायचं होतं. मठात स्वामींच्या प्रवचनाला सगळे मान डोलावत असताना ही एकटीच शंका विचारत होती, ते पाहून मास्तर जे गारद झाले ते झालेच. अडचण एवढीच की अण्णारावांनी आजवर चौदा स्थळं परत पाठवली होती आणि एकालाही कारण सांगितलं नव्हतं.

दुसरा कुणी असता तर त्याने सरळ जाऊन विचारलं असतं. पण मास्तर हैदराबादेत गणित शिकलेले, आणि त्यांचं संशोधनच मुळी हो-नाहीचं. माणसाचा कोणताही निर्णय लहान लहान हो-नाहींतून बनतो; त्याची उत्तरं पुरेशी पाहिली तर त्यामागचा नियम सापडतो, आणि नियम सापडला की त्यातल्या फालतू अटी छाटता येतात, असं त्यांचं म्हणणं. आता चौदाच्या चौदा स्थळांना नाही म्हटलेलं. नुसत्या नाहींवरून काहीच शिकता येत नाही, शिकायला मधून मधून हो सुद्धा लागतं. म्हणून मास्तरांनी अण्णारावांचे हो शोधले, आणि ते आडतीत सापडले. माणूस एकच, तेव्हा नियमही एकच असणार, असा त्यांचा हिशेब. विद्वान माणसाला चुकायलाही पायऱ्या लागतात.

आडतीत कापसाची गाडी आली की त्यातला मूठभर कापूस मोलकरीण तानुबाई आधी आत देवघरात नेई. घर भाविक होतं. आत मधून मधून घंटी वाजे. मग ओसरीवर बसलेले अण्णाराव "उतरवा" तरी म्हणत, नाहीतर "पुढं न्या" म्हणत. मास्तरांनी वहीत सहा रकाने आखले होते. कापूस कोरडा का, गाडी दुपारच्या आत आली का, ती पिंगळीच्या वाटेने आली का, बैलांची शिंगं रंगवलेली का, गाडीवाला गप्प का, आणि अण्णारावांच्या तोंडात पान का. साठ गाड्या झाल्यावर मास्तरांनी छाटणी केली. चार अटी गळाल्या, दोन उरल्या. गाडीवाला गप्प असला आणि अण्णारावांच्या तोंडात पान असलं, की उत्तर हो. साठात एकही गाडी चुकली नाही.

मास्तरांनी सोनपेठहून आपले चुलते माणिकराव यांना बोलावून घेतलं. म्हातारा जन्माचा बोलका. त्याला त्यांनी बजावलं की तिथे तोंड उघडायचं नाही, फक्त विडे पुढे करायचे.

"आरं, पोरगी बघायला जायलाव का मयतीला?" माणिकरावांनी विचारलं. पण पोरगा शिकलेला, म्हणून ते कबूल झाले.

बैठक बसली. अण्णारावांनी गाव विचारलं. मास्तर गप्प. माणिकरावांनी विडा पुढे केला. अण्णारावांनी तो चाचपडत घेतला आणि शेती किती ते विचारलं. दुसरा विडा. पगार विचारला, तिसरा विडा. अण्णारावांचे दोन्ही गाल भरले. त्यांनी तानुबाईला हळूच सांगितलं की पाहुण्यांना ऐकू कमी येतंय. तानुबाईने जवळ येऊन तोच प्रश्न मास्तरांच्या कानात ओरडून विचारला. मास्तर दचकले, पण नियम मोडला नाही. मग तिने आत जाऊन नीलम्माला मोठ्याने सांगितलं की मुलगा मुका आहे आणि चुलताही मुकाच आहे, घराण्यातच असणार.

इकडे माणिकरावांना गप्प राहण्याचा घाम फुटला होता. अण्णाराव तोंड रिकामं करून निरोपाचे हात जोडायला लागले, तसे त्यांनी पुतण्याकडे पाहिलं आणि त्यांचा बांध फुटला. "मुका न्हाई हो त्यो! वर्गात दिसभर बोलतोय. तुमच्या गाड्या बघून त्यानंच हे काढलंय."

झालं. मास्तरांना वही काढावी लागली. लाजेने त्यांचे कान तापले होते, तरी त्यांनी सहा रकाने, साठ गाड्या, दोन अटी, सगळं सांगितलं. अण्णारावांनी ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मास्तर," ते म्हणाले, "दोन वर्सं झाली, मला दिसंना गेलंय. मोतीबिंदू हाय. कापूस नीलम्मा बघती. तानुबाई मूठ आत नेती, पोरगी धागा वढून बघती. माल चांगला असला की घंटी वाजिवती. घंटी वाजली की मला बरं वाटतंय, मी पान खातो आन् उतरवा म्हणतो. चांगला माल आणणारा बोलत बसत न्हाई, एवढंच. कुणाला सांगू नका. आंधळ्या आडत्याकडं गाड्या कोण आणंल?"

साठ गाड्यांत घंटी मास्तरांच्या कानावर पडत होती आणि त्यांनी तिला रकाना दिला नव्हता. सगळा नियम एकाच माणसावर उभा होता, आणि तो माणूस उंबऱ्याच्या आत होता. मास्तरांना एकदम कळलं की ती चौदा स्थळंसुद्धा अण्णारावांनी परत पाठवलेली नव्हती.

नीलम्मा देवघराच्या दारात आली. "साठ गाड्या लिवल्या तुमी," ती म्हणाली. "एकदा तरी कापसात हात घातला का?"

"नाही."

"मग मलाच का न्हाई इचारलं?"

"भीती वाटली," मास्तर म्हणाले. एवढं खरं वाक्य त्यांनी आठ दिवसांत वहीतही लिहिलं नव्हतं. मग त्यांनी मान वर करून सरळ विचारलं, "तुमचं काय? हो का नाही?"

नीलम्माने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. "बघू," ती म्हणाली आणि आत गेली.

परतताना मास्तर पार खचले होते. त्यांच्या गणितात उत्तरं दोनच होती. बघू हे कशात धरायचं ते त्यांनी काकांना तीनदा विचारलं.

"तुझी काकू आठ म्हईने बघू म्हणायलती," माणिकराव म्हणाले.

"मग तुम्ही काय केलं?"

"दर बाजारी गेलो. दुसरं काय करायचं?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी मास्तर वही घरी ठेवून आडतीत गेले. पहिल्याच गाडीत त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि धोतरभर कापसातला वाळका पालापाचोळा लावून घेतला. आत घंटी वाजली नाही. थोड्या वेळाने तानुबाई बाहेर आली, सावलीत एक पाट मांडून गेली. हे हो म्हणायचं की नाही, ते मास्तरांना काही ठरवता आलं नाही. ते पाटावर बसले.