खरा खरेदीदार

बायको गेलेल्या पुरुषाचं सांत्वन कसं करावं, याचे नियम अमेरिकेत मिशिगनच्या उत्तर टोकाला फार पूर्वीच ठरलेले आहेत. बायकांनी झाकणाची भांडी घेऊन यायचं. पुरुषांनी बंदुकीविषयी आणि हरणांविषयी बोलायचं.

ऑक्टोबरअखेरच्या मंगळवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला आणि बायको गेल्याचं वेर्नर कोस्कीला कळलं. तासाभरात गावाला कळलं. पहिला शेजारी दारात टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "यंदा हरणं ओढ्याच्या अंगाला आहेत म्हणे."

"हो, ऐकलंय," वेर्नर म्हणाला.

दोघांचेही डोळे भरले होते. (हे नियमात बसत नाही, पण थंडीतही तसं होतं, म्हणून चालवून घेतात.)

बायकोचा भाऊ डेल हा मदतीला धावणारा माणूस. अंत्यविधीनंतर चौथ्या दिवशी, वेर्नर झोपलेला असताना, त्याने बंदुकांचं कपाट आवरलं. वेर्नरची अक्रोडी दस्त्याची देखणी बंदूक जागेवर ठेवली आणि बहिणीची स्वस्तातली, काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची बंदूक लायलच्या बंदुकांच्या दुकानात विकून आला. आठवण म्हणून नेहमी भारी वस्तू ठेवावी. हलक्या मालात आठवण टिकत नाही, असा तिकडे सर्वसाधारण समज आहे.

"अरे, तिच्या दस्त्याचा दीड इंच कापलाय," डेल म्हणाला. "कोणाच्या खांद्याला बसणार ती?"

"तिच्या," वेर्नर म्हणाला आणि ट्रकची किल्ली शोधू लागला.

घाई करणं भाग होतं. शिकारीचा हंगाम आठवड्यावर आला होता, आणि या दिवसांत वापरलेली स्वस्त बंदूक लायलकडे सरासरी दोन दिवस टिकते.

बंदूक मांडणीवरच होती. पण वापरलेली बंदूक अशी उचलून नेता येत नाही; ती आधी उपस्थितांनी तपासावी लागते. गोळी भरायचा बोल्ट मागेपुढे करायचा, नळीत डोळा घालायचा, भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या हरणाच्या डोक्यावर नेम धरायचा, आणि शेवटी "हं" म्हणायचं. "हं"शिवाय तपासणी ग्राह्य नाही. दुकानात सात गिऱ्हाइकं होती. सहांनी तपासली. सातव्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता (त्याने डाव्याने तपासली).

"प्लास्टिक," म्हातारा गस म्हणाला. "हरीण नाही मिळालं तर होडी वल्हव हिनं."

"दस्ता बदलून देतो, फुकट," लायल म्हणाला.

"नको."

"अरे, झाडलीस तर स्वतःचाच अंगठा नाकात जाईल तुझ्या!"

"राहू दे तसाच. बायकोची आहे."

गस खाकरला.

"बायकोची," तो म्हणाला. "म्हणजे तेलपाणी वेळच्या वेळी झालेलं असणार."

त्या तालुक्यात त्या वर्षी झालेलं हे सर्वांत लांब शोकभाषण.

सरकार मात्र इतकं मितभाषी नाही. त्याचा फॉर्म असतो. आपण फरार आहात का? आपल्याला नशेची सवय आहे का? वेर्नर भराभर लिहीत गेला आणि एका प्रश्नाशी थांबला. खरे खरेदीदार आपणच आहात, की ही बंदूक दुसऱ्या कोणासाठी घेत आहात? खोटं लिहिलं तर तुरुंग होतो. खरं लिहिलं तर बंदूक मिळत नाही. वेर्नर तर धरलेल्या माशांचा आकडासुद्धा खरा सांगणारा माणूस (तिकडे असे दोघंच आहेत).

"अडलं कुठं?" लायलने वाकून पाहिलं. "दुसऱ्या कोणासाठी घेतोयस?"

"हो."

"कोणासाठी?"

वेर्नरने आखूड दस्त्यावर हात ठेवला. लायल त्या हाताकडे बघत राहिला.

"स्वतःसाठी लिही रे बाबा," तो हळूच म्हणाला. "पुढचं मी बघतो."

वेर्नरने लिहिलं. लायलने फोन लावला. नऊ मिनिटांनी सरकारने कळवलं की या गृहस्थाविषयी काळजी करण्यासारखं काहीही नाही.

बंदूक आता कपाटात आहे. तिच्याविषयी चौकशी करायला माणसं अजून येतात. नळी, चाप, दुर्बीण, सगळं विचारून झालं.

आपणही इथवर आलात. डेल, लायल, गस, सगळ्यांची नावं आपल्याला कळली. वेर्नरच्या बायकोचं नाव विचारायचं अजून राहिलंय.