पूजेला बसलेलं इंजिन

इंजिनात अवघड असं काही नसतं, हे माझं ठाम मत होतं. ‘होतं’ हा शब्द नीट वाचा. मी वर्ध्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. इंजिनाची आकृती मी फळ्याकडे न बघतासुद्धा काढतो, अशी माझी ख्याती आहे. म्हणजे स्टाफरूममध्ये ती मीच सांगत असतो. पिस्टन खाली, पिस्टन वर, धूर बाहेर. जे काम एका खडूत होतं ते दोन-चार पान्यांत का होऊ नये? म्हणून घरच्या जुन्या पिकअपचं इंजिन मी स्वतः उघडणार, स्वतः नवं करणार आणि स्वतः बसवणार, असं मी आमच्या पवनारच्या बसमध्ये, शाळेत, किराणा दुकानात, सगळीकडे जाहीर करून टाकलं!

ही पिकअप आमच्याकडे भाऊबिजेला आली. माझा मेहुणा भूपेंद्र वडनेरला शेती करतो. त्यानं बहिणीच्या ओवाळणीच्या ताटात पाकिटाऐवजी गाडीची किल्ली टाकली. अस्मिताचे डोळे भरून आले. माझे गाडी बघितल्यावर भरून आले. ती तेल पीत होती, धूर ओकत होती आणि चढ दिसला की बसत होती. सीटखाली कोंबडीची अंडी सापडली. मोडीत काढण्यापेक्षा ओवाळणीत घातलेली बरी, असा भूपेंद्रचा हिशेब असावा, कारण ओवाळणीतली वस्तू कोणी परत करत नाही.

पण अस्मिताला त्या डबड्यात वेगळंच दिसलं. तिच्या हातचे तर्री-पोहे, म्हणजे हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओतलेले पोहे, आमच्या सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध आहेत. रविवारी धाम नदीवर फिरायला माणसं येतात, तिथे गाडी उभी करायची आणि मागच्या हौद्यात शेगडी मांडून पोहे विकायचे, असं तिच्या मनात फार दिवसांपासून होतं. लग्नानंतर तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. इंजिनाच्या कामासाठी तिनं शिवणकामातून थोडे पैसेही बाजूला ठेवले होते. ते मेकॅनिकच्या घशात कशाला घालायचे, त्यात चांगली पातेली घे, इंजिनाचं मी बघतो, असं मी म्हणालो.

“तुमाले येते?” तिनं विचारलं.

मी हसलो. ते हसू आता आठवलं की मला दुसऱ्याच कुणीतरी ते हसलं असावं असं वाटतं.

“तुमी मिक्सर उघडला होता न,” ती म्हणाली, “तो अजून डब्यातच आहे.”

मिक्सरची गोष्ट वेगळी होती. तो चिनी होता.

तर पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही अंगणातल्या कडुनिंबाला साखळी बांधून इंजिन बाहेर काढलं. आम्ही म्हणजे मी आणि भूपेंद्र. त्याचं काम मुख्यतः “हळू, भाऊजी, हळू” असं म्हणण्याचं होतं. मग मी एकेक भाग सुटा केला आणि मागच्या खोलीत जुनी चादर अंथरून, ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं मांडत गेलो. इंजिनाच्या भागांचं नवरा-बायकोसारखं असतं. पिस्टन सगळे दिसायला सारखे, बेरिंगच्या वाट्या सगळ्या सारख्या, पण वर्षानुवर्षं ज्याच्याबरोबर झिजले त्याच्याशीच त्यांचं जमतं. एकाचं दुसऱ्याला लावलं की संसार मोडला. म्हणून ओळ महत्त्वाची. अस्मिता म्हणाली, खुणा करा, नाहीतर निदान फोटो काढून ठेवा. मी तिला सांगितलं की ओळ हीच खूण आहे आणि फोटो माझ्या डोक्यात आहे.

आईला, म्हणजे आनंदाबाईंना, मी त्या खोलीतलं काहीही हलवायचं नाही अशी सक्त ताकीद दिली होती. तिनं ती पाळलीही. उलट त्या खोलीत शिरताना ती चप्पल बाहेर काढू लागली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

सिलिंडर तासून आणले, नव्या रिंगा आणल्या, आणि बघता बघता दसरा आला. दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी चालू करायची असं ठरलं होतं. अस्मितानं तर हौद्यावर फलकही रंगवून घेतला होता. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी राहिलेलं गॅस्केट आणायला वर्ध्याला गेलो. बाजारात झेंडूचे ढीग लागले होते. स्पेअर पार्टवाला हात जोडून बसला होता, आणि त्याच्यासमोर पाटावर त्याचा तराजू, पाने, कात्री आणि कपाटाच्या किल्ल्या कुंकू लावून ठेवल्या होत्या. गॅस्केट त्याच कपाटात होतं. पूजेतल्या किल्ल्या उद्यापर्यंत उचलता येत नाहीत, असं त्यानं मला पेढा देत सांगितलं. परतीच्या बसमध्ये मी शेजारच्या अनोळखी माणसाला लोखंड आणि श्रद्धा या विषयावर पवनार जवळ येईपर्यंत ऐकवलं. तो बिचारा एक थांबा आधीच उतरला.

घरी आलो तर धुपाचा वास. मागच्या खोलीत चादर दोरीवर वाळत घातल्यासारखी मोकळी! आणि समोरच्या खोलीत, देवापुढे, माझं इंजिन.

आईनं प्रत्येक भाग चिंच लावून घासला होता. पिस्टन तांब्याच्या भांड्यांसारखे लखलखत होते. सगळं लहान-मोठं बघून, शोभेल असं मांडलं होतं. मोठा दांडा मागे, त्याला झेंडूची माळ. व्हॉल्व्ह गव्हाच्या राशीत त्रिशूळासारखे खोचलेले. बेरिंगच्या वाट्यांमध्ये पणत्या, कारण त्या तिथे न हलता बसत होत्या. आणि मधोमध सिलिंडरांचा तो जड ब्लॉक, त्याच्या प्रत्येक भोकात हळद, कुंकू आणि मूठ मूठ अक्षता. माझे पाने, पक्कड, हातोडी सगळं पुढच्या रांगेत.

“दरवर्षी विळा-कोयताच पुजतो,” आई म्हणाली. “यंदा तुयं एवढं मोठं लोखंड घरात होतं. कसं झकपक झालं, पाह्य बरं.”

ज्या ओळीवर माझं सगळं शास्त्र उभं होतं, ती तिनं चिंचेनं धुऊन टाकली होती. मी कसाबसा पुढे वाकून एक पिस्टन उचलायला गेलो.

“हात लावू नको,” ती म्हणाली. “दसऱ्याले उत्तरपूजा होऊ दे. पूजेतलं हत्यार मंधात उचलत नाईत.”

मी मदतीसाठी अस्मिताकडे बघितलं. तिनं पदर सावरला आणि इंजिनाला नमस्कार केला. मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. रडू येत होतं, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

दसऱ्याचा मुहूर्त हुकला. अस्मितानं फलकावर कापड टाकलं. मग म्हणाली की येत्या रविवारी तरी होईल ना? मी शाळेतून रजा काढली आणि भूपेंद्रला बोलावलं. कुठला पिस्टन कुठला, हे ओळखायला माझ्याकडे एकच पुरावा होता. इंजिन उघडलं त्या दिवशी मी शाळेच्या ग्रुपवर टाकायला स्वतःचा एक फोटो काढला होता. त्यात मागे ती चादर दिसत होती. म्हणजे जेवढी माझ्या चेहऱ्यामागून दिसत होती तेवढी. भूपेंद्र मोबाईल मोठा करून करून बघायचा आणि सांगायचा की पहिला पिस्टन तुमच्या डाव्या कानामागं आहे, तिसरा मिशीत गेला. आयुष्यात प्रथमच मला आपलं डोकं लहान असतं तर बरं, असं वाटलं.

भोकाभोकांतून तार घालून मी अक्षता काढल्या. हळद पुसली, कुंकू धुतलं, केरोसीननं सगळं नितळ केलं. अंदाजानं जोडलं. काही ठिकाणी देवाचं नाव घेऊन जोडलं. इंजिन बसलं तेव्हा चादरीवर एक स्प्रिंग आणि थोडे नट उरले होते.

“कंपनी एक्स्ट्राच टाकत असते, भाऊजी,” भूपेंद्र म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी अस्मितानं विचारलं, “हरभरे भिजू घालू?”

तर्रीचे हरभरे एकदा भिजले की माघार नसते. तिचा आवाज इतका साधा होता की मला खरं सांगायचा धीर झाला नाही. घाल, म्हणालो. मग अंथरुणात पडल्यापडल्या मला स्वयंपाकघरातल्या पातेल्यात ते हरभरे फुगताना ऐकू येत होते.

रविवारी सकाळी हौद्यात पोहे, कांदे, शेगडी, तर्रीचं मोठं पातेलं, आणि पातेल्याला धरून अस्मिता. आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं. मी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थुंकलं, आणि चक्क सुरू झालं! अंगणभर निळा धूर झाला. भूपेंद्रनं टाळ्या वाजवल्या आणि तोही हौद्यात चढला. अस्मिता मागच्या काचेतून माझ्याकडे बघून हसली, आणि त्या क्षणी मला वाटलं की मिक्सरसुद्धा मला जमला असता.

गल्लीतून निघालो, बाजार ओलांडला, नदीकडच्या वळणाला लागलो. तिथे आतून कुणीतरी हातोडीनं दार ठोठावू लागलं. मी गाणं लावून आवाज झाकायला बघितलं. मग ठोठावणं थांबलं, आणि त्याबरोबर गाडीही. पुढे नाही, मागे नाही. ढकलायला चार माणसं धावली, तीही दमली. इंजिन असं जाम झालं की गाडीनं तिथेच मूळ धरलं.

मी बॉनेट उघडून आत डोकं घातलं. बाहेर काढायची हिंमत नव्हती. बायकोच्या पहिल्यावहिल्या इच्छेची मी रस्त्याच्या कडेला माती केली होती. मागून ती आता रडेल, मग ओरडेल, मग माहेरी जाईल, असा क्रम मी मनात लावला. पण कानावर आला तो फोडणीचा आवाज.

“आता इथंच उभं राह्यचं आहे न,” ती भूपेंद्रला म्हणत होती, “मंग पेटव शेगडी.”

बघता बघता माणसं जमली. आधी मला बघायला, मग पोह्यांच्या वासानं. एक माणूस इंजिनात डोकं घालून उभा आहे, एवढं एकच दृश्य तिथे फुकट होतं. खायला सगळं विकत होतं. बसमधला तो अनोळखी गृहस्थही होता. दोन प्लेटा खाल्ल्या त्यानं, आणि मला ओळखून लोखंडाबद्दल काहीतरी विचारणारच होता, पण मी आणखी आत वाकलो. उन्हं चढायच्या आत पातेलं रिकामं झालं.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिथेच इंजिन उघडलं. तेल जायच्या बारीक वाटेत मी तार घातली, आणि तिच्या टोकाला एक तांदळाचा दाणा आला. तेलात शिजलेला, हळदीनं पिवळा. तेल अडलं होतं ते त्या दाण्यानं. मी तो कागदात बांधून पुरावा म्हणून आईपुढे ठेवला.

आईनं दाणा उचलला, कपाळाला लावला. “म्हणून थांबली तिथं,” ती म्हणाली. “नाईतर तू कुठं नेऊन उभी केली असतीस, कोण जाणे.”

नदीचं ते वळण अस्मिताला इतकं मानवलं की तिनं गाडी हलवायला साफ नकार दिला. इंजिन काढून टाका म्हणाली, कांद्याचं पोतं ठेवायला जागा होईल. इंजिन घरी परत आलं आणि आईनं ते मागच्या खोलीत पाटावर बसवलं. आता ते कायमच पूजेत असतं.

शाळेत इंजिनाचा धडा यंदा मी दुसऱ्या सरांना दिला. रविवारी मी गाडीवर असतो. माझ्याकडे पोह्यांवर शेव भुरभुरवायचं काम आहे. तेसुद्धा, अस्मिताच्या मते, मी स्वतःच्या डोक्यानं करू नये.