माणसं जवळ आणणारा डबा

"दोन वायरी, एक डबा. अर्ध्या तासाचं काम!" असं जाहीर करून नानांनी घरचा जुना फोन इंटरनेटवर टाकला. नंबर तोच, रिसीव्हर तोच, फक्त वायर आता राउटर नावाच्या डब्यात खोचलेली. डब्यावरचे हिरवे दिवे लुकलुकले आणि फोनचा शोध आपणच लावल्यासारखे नाना फुशारले. "हा डबा माणसं जवळ आणतो!"

"वन्संचा संध्याकाळचा फोन एकदा जरी चुकला ना," काकू म्हणाल्या, "तर डबा आणि तुम्ही, दोघंही बाहेर!"

धमकी साधी नव्हती. आईच्या माघारी थोरल्या ताईनंच नानांना वाढवलं होतं. रोज दिवेलागणीला तिनं "जेवलास का?" विचारल्याशिवाय नानांना घास गोड लागत नसे.

त्या संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. ताई रुसली असं समजून नानाही रुसले. काकूंनी नुसती माळ्यावरची बॅग खाली काढून ठेवली.

नानांनी घाबरून इंटरनेटच्या जोडणीवाल्याला बोलावलं. त्याला घेऊन खोलीत शिरताना सगळी बटणं पटापट लावली. त्यानं रिसीव्हर कानाला लावला. "चालू आहे की, काका!"

"मग वाजत का नाही?"

"कुणी केला तर वाजेल!"

हा टोमणा गिळून नाना त्याला दारापर्यंत सोडायला निघाले. जाताना दिवा, पंखा, डबा, सगळी बटणं बंद केली. खोली सोडली की बटण बंद, हा त्यांचा लहानपणापासूनचा नियम! मग गॅलरीत बसून ते फोनची वाट बघू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर धाडधाड! बघतात तर ताई. हातात पिशवी, डोळ्यांत पाणी.

"धडधाकट आहेस ना रे? रोज फोनमधली ती बाई सांगते, संपर्क होत नाही! जीव टांगणीला लागला माझा!"

नानांना भरून आलं. बटणं लावून त्यांनी तिला फोन दाखवला. मग ते तिला चहाला आत नेऊ लागले, तोच ताई थबकली. "अरे, ते हिरवे दिवे का विझले?"

"खोली सोडली ना! म्हणून बट..." नानांनी जीभ चावली.

काकूंनी कपाळाला हात लावला. "कुणी लावली ही सवय?"

नानांनी हळूच ताईकडे बोट दाखवलं. ताईचा चेहरा खुलला. "अजून पाळतोस? गुणाचं गं माझं बाळ!"

रात्री फोनच्या खोलीत गप्पा खूप रंगल्या. सकाळी पुन्हा दारावर धाडधाड! ताईचे यजमान, घामाघूम.

"ही पोचली का? रात्रभर फोन लावतोय!"

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. "मी नाही हं! मी आधी झोपलो!"

"मग खोलीतून शेवटी कोण उठलं?" काकूंनी विचारलं.

ताईनं पदर सावरला आणि यजमानांना प्रवास कसा झाला ते विचारू लागली.

काकूंना हसू आवरेना. "राहू दे तो डबा! आणली हो त्यानं माणसं जवळ. आता तेवढं दूध आणा."

भरलेल्या घराकडे बघून नाना खुशीत निघाले. आणि निघता निघता त्यांनी बटणं बंद केली.