तुलारामभाऊंची पसंती

जुनी मोटारसायकल पाहायला गेले की तुलारामभाऊ मालकाशी बोलत नसत. नमस्कारही नाही. सरळ गाडीपाशी जाऊन इंजिनावर तळहात ठेवत, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. इंजिन कोमट लागलं की हात पँटीला पुसत आणि आल्या पावली परत निघत.

"अहो, चालवून तरी पाहा!" मालक मागून ओरडे.

"तपवून ठेवली ना तुमी, आमी यायच्या अगोदर. म्हणजे थंडी असली का उठत नाही ते."

पाहणी संपली. गाडी घ्यायला आलेला माणूस बिचारा दोघांच्या मधे उभा.

भाऊ गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये इंजिनावर फिटर होते. दुसरी मोठी लढाई संपून सात-आठ वर्षं झाली होती. लिलावात निघालेल्या फौजी गाड्या, मायदेशी परतताना साहेबलोक विकून गेलेल्या विलायती गाड्या, मालगुजारांच्या मुलांनी हौसेने आणलेल्या पळणाऱ्या गाड्या, असा सगळा माल आमच्या भागात या हातातून त्या हातात फिरत होता. घेणारा भाऊंना बोलावल्याशिवाय घेत नसे आणि भाऊंना बोलावलं की बहुधा घेतच नसे.

इंजिन गार निघालं तर भाऊ खिशातून सुतळी काढत. ती दोन्ही चाकांना लावून, जमिनीवर पालथे पडून एक डोळा मिटून पाहत. चाकं एका ओळीत नसली तर गाडी कुठेतरी आपटली आहे. मग धुराड्यात बोट घालत. काजळी कोरडी असली तर ठीक, चिकट निघाली तर इंजिन तेल पितं. नटांचे कोपरे झिजून गोल झालेले दिसले की म्हणत, "लय येळा खोलली हो कोनी." आणि कुठे ताजा रंग दिसला की तिथेच नखाने खरवडत. मालकाच्या तोंडावरचा रंग तोवर उतरलेला असे.

पळणाऱ्या गाड्यांवर त्यांचा विशेष राग. "हे गाडी कोनी हळू चालवाले घेते का? चार वर्सात म्हातारी होते, आन् दिसते कशी, तं नवरीवानी."

शेवटी सगळं पाहून झालं की मालकाला एकच प्रश्न. "इतकी चांगली हाय, तं इकून काऊन राहिला गा?"

का विकतोस, या प्रश्नाला गोंदियात कुणीच नीट उत्तर दिल्याचं मी ऐकलं नाही.

ही खोड गाड्यांपुरती राहती तर बरं होतं. आमच्या आळीतल्या एका मुलीला पाहायला पाहुणे आले होते. मुलगा बिजवर, पण वय तीसच आहे म्हणून सांगितलं होतं. पोहे झाले, चहा झाला, सगळे खुशीत होते. भाऊ उठले, नवऱ्या मुलाच्या मागे गेले आणि खिशातला रुमाल त्याच्या डोक्यावरून घासला. रुमाल काळा झाला. भाऊंनी तो मुलीच्या बापापुढे धरला. "ताजा रंग हाय."

लग्न मोडलं. मुलीच्या बापाने भाऊंचे आभार मानायला हवे होते. त्याने वर्षभर बोलणं टाकलं. खरं सांगणाऱ्याचा माणसाला जितका राग येतो तितका फसवणाऱ्याचा येत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. भाऊ एकटे होते, लग्न केलं नव्हतं, आणि अशा दोन-चार प्रसंगांनंतर त्यांना कुणी घरगुती कार्याला बोलावेनासं झालं. गाड्यांपुरते मात्र बोलवत. तेवढ्यावरच त्यांचा लोकांशी संबंध उरला होता.

मी त्यांचा शेजारी. एका तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे होतो, जंगलात पानं गोळा होत त्या फडांवर देखरेख करायला हिंडावं लागे. मी गाडी घेतली ती भाऊंना न विचारता. विचारलं असतं तर ती मिळालीच नसती. दोन धुराड्यांची, खाली वाकलेल्या हँडलची, काळीभोर विलायती गाडी. आणली त्या दिवशी भाऊ कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"घेतली?"

"घेतली."

"मग आता काय सांगू." आणि ते आत गेले.

दीड वर्ष मी ती गाडी उडवली. एकदा सुमनला, माझ्या बायकोला, देवरीकडच्या तिच्या माहेराहून आणत होतो. तिला चौथा महिना होता. ती म्हणत होती, बसने जाऊ. मीच ऐकलं नाही. ओढ्यावरच्या एका मोरीवर पुढचं चाक वळलं ते वळलंच. मला खरचटलं. सुमनचं मूल गेलं.

गाडी मी एका बैलगाडीत घालून परत आणली आणि अंगणात पोत्याखाली झाकून ठेवली. हँडलखाली जिथे सगळा सांगाडा येऊन मिळतो, त्या मानेला तडा गेला होता. सुमन अंगणात पाऊल ठेवीना. कपडेही घरातच दोरीवर वाळत घालायची. मी लांबच्या गावच्या लोहाराकडून मान झाळून घेतली, वर काळा रंग दिला, आणि गिऱ्हाईक शोधू लागलो.

तिरोड्याचे एक कापड दुकानदार, रामेश्वरशेठ, तयार झाले. पण म्हणाले, "तुलारामभाऊ हाँ बोलेंगे तो ले लूँगा."

भाऊ सकाळी आले. इंजिन गार होतं, तेवढी अक्कल मला होती. सुतळी लावली, पालथे पडले, उठले. धुराड्यात बोट घातलं. मग मानेपाशी वाकले आणि त्यांचं नख रंगावर थांबलं. सुमन दाराच्या चौकटीला धरून उभी होती. भाऊंनी मान वर करून एकदा तिच्याकडे पाहिलं. खरवडलं नाही. मला तो प्रश्नही विचारला नाही.

"घ्या," शेठना एवढंच म्हणाले आणि गेले.

गाडी गेली. आणि मी काय केलं? पानठेल्यावर जाऊन सांगितलं, की ज्या भाऊंनी अख्ख्या गोंदियाच्या गाड्यांना नाकं मुरडली, त्यांना मी रंगाच्या एका डबीत फसवलं. मान तुटलेली गाडी त्यांनी पास केली! लोक हसले. मी पुन्हा सांगितलं. दर वेळी त्यात थोडी भर घातली. आज वाटतं, त्या दिवसांत मला स्वतःपेक्षा मोठा मूर्ख कुणीतरी हवा होता. भाऊ शेजारीच सापडले.

किस्सा पसरला. भाऊ रस्त्याने जाताना कुणीतरी हाक मारी, "भाऊ, रंग ताजा हाय का पाहा ना जी!" भाऊ वळून पाहत नसत. हळूहळू त्यांना गाड्या पाहायला बोलावणं बंद झालं. संध्याकाळी ते मिलमधून घरी येत आणि दार लावून घेत. मला तेव्हा गंमतच वाटत होती.

चार वर्षांनी कामानिमित्त तिरोड्याला गेलो. रामेश्वरशेठनी दुकानातून हाक मारली, गादीवर बसवलं, चहा मागवला. गाडी बाहेरच उभी होती.

"क्या गाडी दी आपने! और क्या आदमी भेजा!"

"कोण आदमी?"

"अरे, तुलारामभाऊ! दूसरे ही दिन सुबह की रेल से आ गए. बोले, गर्दन का काम कच्चा है, मैं पक्का करके देता हूँ, तब तक हाथ नहीं लगाना. चाबी भी अपने साथ ले गए! तीन छुट्टियाँ यहीं गुजारीं. मिल में पोलाद का पूरा जोड़ बनाके लाए और अपने हाथ से बिठाया. मैं तो चार साल से आपको दुआ दे रहा हूँ, कि बेचने के बाद भी इतनी फिकर की."

मी चहा प्यालो. मी पाठवलं नव्हतं, हे सांगितलं नाही.

घरी आलो तेव्हा सुमन तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "शेठ यायच्या आदल्या दिवशी तुम्ही फडावर होता. मी मिलवर गेले होते. म्हटलं, भाऊ, ती गाडी त्या अंगणात राहिली तर मी नाही राहणार. ते म्हणाले, वहिनी, खोटं बोलता येत नाही मले. मी म्हटलं, मग बोलू नका."

"मला का नाही सांगितलंस?"

"एकदा सांगायला बाहेर आले होते. तुम्ही पाहुण्यांना तोच किस्सा सांगत होता. सगळे हसत होते. मी चहा ठेवला आणि आत गेले."

दुसऱ्या दिवशी मिलवर गेलो. भाऊ इंजिनाला तेल देत होते. केसांवर, भुवयांवर भाताच्या कोंड्याची पूड बसलेली. म्हातारे दिसले.

"भाऊ, तिरोड्याला गेलो होतो. मला कळलं सगळं."

"जोड टिकून हाय ना?"

"टिकून आहे. भाऊ, मी उद्याच ठेल्यावर जाऊन खरं सांगतो. सगळ्यांपुढे."

तेव्हा त्यांनी तेलाचा डबा खाली ठेवला. "काही नको सांगू. तू सांगशीन, मंग लोकं इचारतीन, भाऊ गुमान काऊन राहिला? मंग वहिनीचं सांगा लागन. तिचं दुखनं पानठेल्यावर नेशीन का?"

"पण तुम्हाला आता कोणी बोलवत नाही..."

"नाही बोलवत." त्यांनी इंजिनाकडे पाहिलं. "हे हाय ना. हे कोनी इकत नाही, कोनी घेत नाही. याच्यासंग खरं बोललं तरी चालते."

मी आणखी काही म्हणालो, पण इंजिनाचा पट्टा फिरू लागला होता आणि त्यांना ऐकू गेलं नाही. गेलं असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही.

मी ठेल्यावर काहीच सांगितलं नाही. कुणी तो किस्सा काढला की उठून जायचो, इतकीच काय ती माझी भरपाई. भाऊ त्याच मिलमध्ये राहिले आणि एका उन्हाळ्यात तापाने गेले. खांदा द्यायला मिलचे तिघे होते, चौथा मी.

हे लिहावं की नाही, म्हणून सुमनला विचारलं.

ती म्हणाली, "लिहा. माझंही लिहा."